पहिली ओळ रुग्णाची

डॉ. प्रभावती सपकाळे मॅडमना मी प्रथम पाहिले ते धुळ्याच्या दंत महाविद्यालयात, तिसऱ्या वर्षाला असताना. बाह्यरुग्ण विभागात त्यांच्या हाताखाली आमची तुकडी लागली होती. पहिल्याच सकाळी साक्रीकडच्या एक आजी खुर्चीत येऊन बसल्या. मी हातमोजे चढवले आणि आरसा उचलला. मागून मॅडमचा आवाज आला, "इंगळे, आरसा खाली ठेवा. हात मांडीवर."

"मॅडम, दात बघतो."

"दात कुठे पळून जात नाहीत. आधी त्यांचं ऐका."

आजी अहिराणीत बोलू लागल्या, "काय सांगू बेन, गालले हात लावा का ईज चमकस. तोंड धवाले बी भ्याव वाटस. बठ्ठा दात काढी टाक, पन हाई दुखनं बंद कर."

मी केसपेपरवर लिहिले, 'उजव्या दाढेत तीव्र वेदना.' मॅडमनी ती ओळ खोडली.

"दाढ असं आजी म्हणाल्या का?"

"नाही."

"त्या म्हणाल्या, ईज चमकस. गालाला हात लावला की वीज चमकते, तोंड धुवायचीही भीती वाटते. तसंच लिहा. तुमच्या ओळीत दाढ दुखते आहे. त्यांच्या ओळीत नस दुखते आहे."

सगळे दात काढा म्हणणाऱ्या आजींचा त्या दिवशी एकही दात निघाला नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या महिन्यात आजी तोंडाला पावडर लावून आल्या. मॅडमची रीत मला अशी पहिल्याच दिवशी कळली. केसपेपरची पहिली ओळ रुग्णाची, त्याच्याच शब्दांत. ती लिहून झाल्याशिवाय हत्याराला हात नाही.

आमच्या भागात त्या काळी चेहरा दुखला की दात काढत, डोके दुखले की चष्मा बदलत. दोन्हींनी गुण आला नाही, तर माणूस सोसत बसे. मॅडमनी महाविद्यालयातल्या सामानाच्या खोलीशेजारी एक लहान खोली मागून घेतली आणि दर मंगळवारी चेहरादुखी व डोकेदुखीचे रुग्ण तिथे तपासायला सुरुवात केली. सहकारी थट्टा करत, "मॅडमच्या खोलीत दात निघत नाहीत, नुसत्या गप्पा निघतात." मॅडम हसून म्हणत, "निघू द्या. तुम्हीही या एकदा."

एकदा त्या खोलीत एक शिंपीदादा आले. दुपार झाली की त्यांच्या कानशिलात ठणका सुरू व्हायचा. तीन चष्मे झाले होते, डोक्याचा फोटोही काढून झाला होता. मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवले आणि म्हणाल्या, "समजा समोर मशीन आहे. कामाला लागा." दादा आधी लाजले. मग त्यांनी सवयीने खिशातून दोन टाचण्या काढल्या, दातांत धरल्या आणि मान वाकवली.

"हे दिवसभर?"

दादांनी टाचण्या काढल्या. "तीस वर्षं झाली मॅडम. झोपेतसुद्धा दात दाबतो म्हणते बायको."

"मग डोक्याला कशाला बोल लावता? त्रास जबड्याला आहे."

मॅडमनी त्यांना मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी शिवून घ्यायला सांगितली, गालांना शेक आणि जबड्याचे दोन व्यायाम दिले. शिवाय एक वाक्य पाठ करून घेतले, "ओठ मिटलेले, दात सुटे." दीड महिन्याने दादा आले ते पहिला चष्मा लावून. म्हणाले, "हाच बरा होता मॅडम, उगाच बदलला."

मॅडम प्रत्येक डोकेदुखी स्वतःकडे ओढून घेत नसत, हेही सांगितले पाहिजे. अचानक उठलेली किंवा नजरेवर परिणाम करणारी डोकेदुखी दिसली, की त्या त्याच तासाला रुग्णाला फिजिशियनकडे पाठवत, प्रसंगी रिक्षात सोबत बसून जात. 'हे आपलं नाही' हे ओळखणे त्या आपल्याच कामात धरत.

आता जे लिहितो ते मॅडमना माहीत आहे.

माझी मोठी बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी होती. आई लवकर गेल्यावर तिनेच मला वाढवले. ती जळगावला पिंप्राळ्यात राहायची, माझा दवाखाना जामनेरला. सात वर्षांपूर्वी तिचा उजवा खालचा जबडा दुखू लागला म्हणून ती एसटीने माझ्याकडे आली. घरच्या माणसाचा केसपेपर आमच्या व्यवसायात सहसा कोणी काढत नाही. चहा पाजायचा, रुग्ण संपले की खुर्चीत बसवायचे आणि तोंड उघडायला सांगायचे. मीही तेच केले. एक दाढ पूर्वी भरलेली होती, ती काढली. आठ दिवस बरे गेले. पुन्हा दुखू लागले तेव्हा शेजारची काढली. तिसऱ्या वेळी ती आली आणि तिने त्याला लागून असलेल्या दातावर बोट ठेवले. मी इंजेक्शन भरले होते. वळून पाहिले तर ती गालावर पदर धरून बसली होती. पंख्याचा वारा लागू नये म्हणून.

मी इंजेक्शन ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याला गेलो.

मॅडमनी विचारले, "केसपेपर?"

"मॅडम, ही माझी अक्का."

"ते कळलं. केसपेपर काढून आणा. आणि तुम्हीच लिहा."

अक्काने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग मॅडमना सांगू लागली, "वारा लागला तरी करंट बसतो बाई. घास उजवीकडं गेला की डोळ्यांपुढं अंधार. दोन महिने झाले, त्या बाजूनं दात घासले नाहीत. डॉक्टरची बहीण, कोणाला सांगणार?"

मी लिहीत होतो. यातले एकही वाक्य मी तोवर ऐकले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

तपासणी झाल्यावर मॅडम मला व्हरांड्यात घेऊन आल्या. मी विचारले, "दोन्ही दाढा चांगल्या होत्या?"

"पहिली भरलेली होती, पण दुखत ती नव्हती, नस होती. दुसरी अगदी चांगली होती."

मी म्हणालो, दवाखाना बंद करतो.

"ते नंतर ठरवा. आधी आत जाऊन त्यांना सांगा."

"मॅडम, तुम्ही सांगाल का?"

"नाही. दाढा मी काढल्या नाहीत." मग थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी दाराशी उभी आहे. जा."

मी आत गेलो आणि सांगितले. अक्काने गालावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "राजू, लहानपणी माझ्या जपून ठेवलेल्या बाहुलीचा हात उपटलास तेव्हा आठ दिवस तोंड लपवून फिरलास. आज कळलं त्याच दिवशी सांगितलंस. शिकलास म्हणायचं." आणि दाराकडे पाहून, "या बाई आत. पुढं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा. याला नका विचारू."

मॅडम हसत आत आल्या. झटक्यांच्या आजारात देतात ती गोळी त्यांनी अगदी थोड्या प्रमाणात सुरू केली. रक्ततपासणी, डोक्याचे स्कॅन, जळगावच्या मेंदूविकार तज्ज्ञांचा सल्ला, हे सगळे त्यांनी क्रमाने करून घेतले. महिनाभर दर रविवारी त्या फोन करत, मला नव्हे, अक्काला. पंधरा दिवसांत अक्का उजव्या बाजूने भाकरी चावू लागली.

माझा दवाखाना मात्र बंदच होता. मॅडमना ते अक्काकडून कळले असावे. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"ही चूक पुन्हा कधीही न करणारा एक डॉक्टर जामनेरला आहे. तोच घरी बसला, तर तिथल्या लोकांनी जायचं कोणाकडे?"

मी त्या दिवशी दुपारी कुलूप काढले. पुढच्या वर्षी मॅडमनी मला महाविद्यालयात बोलावले आणि नव्या तुकडीला हा प्रसंग माझ्या तोंडून सांगायला लावला. तेव्हापासून दरवर्षी मी जातो. पहिल्या वर्षी फार अवघड गेले. आता विद्यार्थी नंतर येऊन विचारतात, काही जण आपल्या घरच्यांच्या दुखण्याबद्दल सांगतात. मॅडमनी माझी चूक लपवली असती तर ती माझ्याजवळच राहिली असती. त्यांनी तिचा धडा केला.

अक्का त्यानंतर सहा वर्षे जगली. गेल्या वर्षी हृदयविकाराने ती गेली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजली वाहण्याच्या दिवशी मॅडम धुळ्याहून एसटीने पिंप्राळ्याला आल्या. बायकांमध्ये बसून राहिल्या. निघताना माझ्याजवळ थांबून त्यांनी एवढेच विचारले, "गाल?"

मी म्हणालो, "नाही मॅडम. शेवटपर्यंत नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

या वर्षी मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि महाविद्यालयातून निवृत्तही होत आहेत. मंगळवारच्या खोलीचे काय होणार, ही काळजी आम्हाला होती. ती आता उरली नाही. त्यांच्याच दोन विद्यार्थिनी खोली चालवणार आहेत. महिन्यातून एकदा मॅडम जामनेरला आणि एकदा मुक्ताईनगरला रुग्ण तपासायला येणार आहेत. जामनेरची खुर्ची माझ्या दवाखान्यातली असेल, याचा मला आनंद आहे.

मॅडमसाठीचा एक निरोप माझ्याजवळ राहून गेला आहे. जाण्याच्या दोन महिने आधी अक्का नातीच्या हळदीला गेली होती. आल्यावर मला म्हणाली, "बाईंना सांग, दोन्ही गालांना हळद लावून घेतली. पोरींनी चोळून चोळून लावली. मीच गाल पुढं केला." पिंप्राळ्याला मॅडम समोर होत्या तेव्हा मला हे बोलवले नाही. म्हणून आज इथे लिहितो आहे.

मॅडम, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. असे निरोप आपल्यापर्यंत पुष्कळ वर्षे येत राहोत, आणि ते आणणाऱ्यांना माझ्याइतका उशीर न होवो.