खुर्चीच्या जागी पातेलं

डिसेंबरातला दुसरा रविवार. हजर: आबा म्हणजे माझे सासरे, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी. जंगलाच्या फाटकावर सक्तीने घ्यावा लागणारा वाटाड्या धरला तर पाच.

कशासाठी गेलो ते आधी सांगते, कारण त्या दिवशी ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आबांना गवा बघायचा होता. त्यांची उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली आहे. डाव्याची कडांकडून आकसत आत येत चालली आहे. नाकासमोरचं तेवढं दिसतं, तेही बसून, मान हळूहळू फिरवत शोधलं तर. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "तवर जंगलात जाऊन यायला हरकत न्हाय न्हवं?"

शिरोळला, आमच्या गावी, शेजारच्या उसात काही वर्षांपूर्वी एक वाट चुकलेला गवा शिरला होता. सगळा गाव लोटला. चारी अंगांनी ट्रॅक्टर लावले, पोरं टपावर चढली, शिट्ट्या, मोबाईल, दिवसभर तमाशा. आबा बांधापर्यंतसुद्धा गेले नाहीत. "भ्यालेलं जनावर काय बघायचं," म्हणाले. "बघायचा तर त्येच्या घरात जाऊन बघू." ते बघणं राहूनच गेलं होतं.

राधानगरीच्या पलीकडच्या अभयारण्यात गाडी सड्यापर्यंत जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथून पुढे एकच वाट, ती सगळ्यांची: चालणारे, सायकलवाले आणि आतल्या वाडीची गुरं. वाटेच्या शेवटी पाणवठा आणि त्याच्यासमोर लपून जनावरं बघायचा आडोसा. आपल्याला अर्ध्या तासाची चाल, पण आबांना थोडं चाललं की बसावं लागतं. जमिनीवर किंवा दगडावर बसले तर गुडघे उठू देत नाहीत. म्हणून मी एक घडीची खुर्ची घेऊन वेल्डरकडून तिचे पाय वाढवून घेतले होते. आबांना उभं करून, गुडघ्याशी माप घेऊन. दगडावर आवाज नको म्हणून खाली रबराच्या टोप्या बसवल्या. कळंब्याच्या घरून निघताना ती खुर्ची मी स्वतः डिकीत सगळ्यात खाली ठेवली.

मग मंगळवार पेठेत दिरांना घ्यायला थांबलो. त्यांच्या शेजारी आमच्या चुलत सासूबाई राहतात. त्यांनी चहाला वर बोलावलं, मी गेले. तेवढ्यात खाली काय झालं ते मला थेट अभयारण्याच्या फाटकावर कळलं. डिकी उघडली. आत पांढऱ्या रश्श्याचं, धडप्याने तोंड बांधलेलं, जाड ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं.

"भावजी, खुर्ची कुठाय?"

"कुठली?"

"आबांची. खाली ठेवली होती."

"ती व्हय. काकीच्या जिन्यामागं ठेवली की. पातेलं कलंडाय लागलंतं, रस्सा सांडला असता."

"आणि आबा बसणार कशावर?"

"जंगलात दगडाला काय तोटा हाय, वैनी?"

मी यजमानांकडे बघितलं. ते टायरची हवा बघत होते.

आम्हा कोल्हापूरच्या लोकांना झाड दिसलं की त्याच्याखाली पातेलं ठेवावंसं वाटतं. तळं असो, गड असो, जंगल असो, आधी रस्सा किती माणसांचा ते ठरतं आणि मग कुठे जायचं ते. माझ्या सासरी तर हा धर्मच आहे. मी घरून भाकरी, झुणका बांधून घेतला होता, फाटकाबाहेर दोन घास खाऊन लगेच आत जायचं ठरवून. ते ठरवणं माझं एकटीचं होतं.

फाटकावरच्या गार्डने पातेलं बघितलं आणि मान हलवली. "आत खायाचं काय न्ह्यायचं न्हाय."

"मग हितंच खाऊ," दीर म्हणाले. "पावणं, तुमी बी बसा."

गार्ड बसला. वाटाड्या बसला. बेळगावहून आलेलं एक जोडपं बसलं. शहरातल्या सायकलवाल्यांचं एक टोळकं आलं, तेही बसलं. दीर वाढतायत, आग्रह करतायत, "घ्या की, लाजताय काय, जंगलात काय मिळणार न्हाय." उन्हं कलायला लागली. आबा गाडीच्या दारात पाय खाली सोडून बसले होते. त्यांच्या हातात वाटी होती, पण नजर रस्त्यावर. अंधाराच्या आत बाहेर पडायचा नियम होता. दोनदा मी उठा म्हणाले. दोन्ही वेळा माझ्याच ताटात रस्सा पडला.

पातेलं रिकामं झालं तेव्हा यजमानांना वाचा फुटली. "ह्येच पालथं घालू. त्यावर आबा बसतील."

"रिकामं असंल तर न्ह्या," गार्ड म्हणाला.

आबा म्हणाले, "म्हंजे रश्श्यावर बसायची पाळी आली म्हणायची." सगळे हसले. मी हसले नाही. मी पातेलं टाकीवर घासून घेतलं आणि माझी शाल चौघडी करून काठाला बांधली, दगडावर वाजू नये म्हणून.

सड्यावरून वाटेला लागलो. पुढे वाटाड्या, मग आबा माझ्या हाताला धरून, मागे यजमान, शेवटी खांद्यावर पातेलं घेतलेले दीर. पातेलं ठेवायचं, आबांनी टेकायचं, दम घ्यायचा, उठायचं. पातेलं बुटकं पडत होतं, त्यामुळे दर वेळी दोघांनी काखेत धरून त्यांना उठवावं लागे. खुर्चीवरून ते एकटे उठतात. मला हे दर वेळी आठवत होतं आणि मी दर वेळी ते बोलून दाखवत होते.

वाटेवर पाटी आहे: सायकलस्वारांनी पायी जाणाऱ्यांना वाट द्यावी, जनावरांना सर्वांनी द्यावी. ते टोळकं मागून आलं, हँडलला गाणी लावलेली. आबांना कारवीच्या झुडपात सरकावं लागलं. त्यांच्यातला एक दिरांकडे बघून म्हणाला, "रस्सा एक नंबर हुता, काका." दिरांनी हात वर केला. वाट कुणी दिली नाही.

आडोशापाशी पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. वाटाड्याने बोट ओठांवर ठेवलं. पलीकडच्या जांभळीखाली गवा उभा होता. काळाभोर, पाठीवर केवढा उंचवटा, आणि चारही पाय गुडघ्याखाली पांढरे. माझ्या आयुष्यातला पहिला. मी आबांच्या कानाशी म्हणाले, "समोर, पाण्यापलीकडे." पण त्यांना उभ्याने सापडेना, त्यांची मान भलतीकडेच वळत होती. मी मागे वळून खूण केली. दिरांनी लगबगीने पातेलं ठेवलं. शाल वाटेत कुठेतरी कारवीत अडकून सुटली होती. जांभ्यावर पातेलं असं वाजलं की देवळातली घंटा बरी. गव्याने मान वर केली, एकदा फुत्कारला आणि झाडीत शिरला. डहाळ्या मोडल्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

आबा बसले. रिकाम्या पाणवठ्यावरून हळूहळू मान फिरवत राहिले.

"कुठाय?"

"तिथंच, जांभळीखाली," यजमान म्हणाले. तिथे काही नव्हतं.

बराच वेळ गेला. मग आबा म्हणाले, "दिसला की. मोठा हाय."

"बगा वैनी," दीर म्हणाले, "झालं की काम. उगंच तापलाय सकाळधरनं."

जंगलात ओरडायचं नसतं, हा एकच नियम त्या दिवशी पाळला गेला. परतीच्या वाटेत गाडीत दिरांना झोप लागली.

रात्री घरी मी आबांच्या डोळ्यात औषध घालत होते. ते डोळा मिटून म्हणाले, "पोरी, त्येच्या पायांत मोजं घातल्यागत पांढरं असतंय म्हणत्यात. खरं व्हय?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"असंल," ते म्हणाले.

आता मार्च संपत आला. पावसाआधी अभयारण्य बंद होतं, आणि मागच्या तपासणीत डाव्या डोळ्याची नजर आणखी आत आली आहे. मी गाडी, वाटाड्या, दिवस, सगळं ठरवून ठेवलं आहे. या वेळी मी, यजमान आणि आबा, बस्स. पण खुर्ची अजून मंगळवार पेठेत आहे. चुलत सासूबाईंना ती उंचीला बरी पडली. दारात बसून त्या तिच्यावर भाजी निवडतात. त्यांचेही गुडघे गेलेलेच आहेत. दर रविवारी दीर फोनवर म्हणतात, "आणतो की, वैनी. म्हातारी उठली की आणतो." यजमान म्हणतात, मोठ्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं. आबा म्हणतात, असू दे, बसू दे तिला. वेल्डरने दुकान हलवलंय, नवी जागा कुणाला माहीत नाही.

उद्या मीच जाणार आहे, असं मी मागच्या सोमवारीही म्हटलं होतं. खुर्ची आणायची राहिली आहे.