"फ्यूज मी पाह्यला"

सानगडीत गाडी बंद पडली की लोक सेवकरामच्या गॅरेजवर येतात, पण रोग सांगते ती त्याची बायको, गोदावरीबाई. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. आता पेट्रोलच्या प्रेशरची तक्रार असली की सेवकराम स्वतःच म्हणतो, "तिले इचारा." ती किल्ली फिरवायला लावते, टाकीतला पंप घुं करतो का ते ऐकते, गेज लावते, सुई पाहते. गावातल्या बायकांनी आधी नाकं मुरडली. मग त्यांच्याच नवऱ्यांच्या गाड्या तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

हे सगळं तिला शिकवलं सेवकरामनंच. सुई वर येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायर, पंपाला हात सगळ्यात शेवटी. तिनं त्यात आपली एक सवय घातली होती. मागच्या सीटखालचं टाकीचं झाकण बसवलं की चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा थेंब, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. कोणी स्क्रू फिरवला तर थेंब तडकणारच.

मागच्या फाल्गुनात बपेऱ्याहून तिच्या भावाचा, पुंडलिकरावांचा, फोन आला. मायचं काही खरं नाही, लवकर ये. सकाळचे आठ वाजले होते. दोघं आपल्या जुन्या गाडीत बसले आणि गाडी चालू होईना. गेज लावलं तर सुई शून्यावर.

"फ्यूज?" तिनं विचारलं.

"फ्यूज मी पाह्यला. पंप गेला. भंडाऱ्याहून मागवतो, दोन घंट्यात निघू."

दोन घंट्यांचे आठ झाले. सेवकराम फोन लावत होता, घाम पुसत होता, पार्ट निघाला म्हणत होता. चार वाजता पुंडलिकरावांचाच फोन आला, माय गेली. शेजाऱ्यांच्या जीपनं ती एकटीच मातीला गेली. पंप बसवायला सेवकराम मागे राहिला. ती परतली तेव्हा नवा पंप बसला होता म्हणे, आणि गाडीही चालू झाली होती.

पावसाळा संपल्यावर तीच गाडी चढावर दम टाकू लागली. सेवकराम साकोलीला गेला होता. गोदावरीबाईनं गेज लावलं. उभ्या गाडीत सुई ठीक, रेस दिली की खाली. फिल्टर नवाच होता, म्हणजे पंप थकलेला. आठ महिन्यांत पंप थकतो कसा? विकणाऱ्याला चार शिव्या हासडत तिनं मागची सीट उचलली.

चारही थेंब जागच्या जागी होते. धूळ बसलेले, फिके पडलेले, पण कुठंही तडा नाही. तीन वर्षांपूर्वी तिनंच लावलेले. हातच्या काकणाला आरसा कशाला! झाकण उघडलंच नव्हतं, तर पंप बदलला कुठून? मग त्या दिवशी सुई शून्यावर कशी? पंपाचा फ्यूज काढून खिशात घातला की धडधाकट गाडीचीही सुई शून्यावर येते. हे ती कोणालाही सांगू शकली असती. पण नवऱ्याचा खिसा कोण तपासतं?

तिला रडू आलं नाही, संताप आला. परक्यानं फसवलं तर माणूस बोंब तरी मारतो. घरच्यानंच केसानं गळा कापला तर बोंब कोणाच्या नावानं मारायची?

सेवकराम आला, उघडी सीट पाहिली आणि दारातच थबकला.

"पंप नाई बदलवला तुमी. फ्यूज काहाडला होता."

तो खाली बसला. म्हणाला, "पुंडलिकच्या पोरीच्या लग्नात साऱ्या जावयांले शेला भेटला, मले नाई. त्या घराचा उंबरठा चढाचा नाई, असं ठरवलं होतं मी. म्हातारी आठ-पंधरा दिवस काढन, असं वाटलं."

"मंग तसं म्हनाचं होतं. मी का तुमाले बांधून नेत होती? त्या दिशी बपेऱ्याच्या तीन बशी गेल्या समोरून. तुमी पंप म्हनलं म्हून मी उठली नाई."

"चुकलं माह्यं, गोदा."

"माय दुपारपावतर शुद्धीत होती. गाडीचा आवाज आला का दार उघडाले लावे, गोदा आली काय म्हने. भावानं मातीच्या दिशीच सांगतलं मले." तिनं गेजची नळी गुंडाळली. "तुमी दिवसभर गाडीसाठी एवढे झटले, तुमाले वाईट वाटन म्हून मी हे आजवर बोलली नाई."