न जुळलेल्या चिठ्ठ्यांचे सोनवणे सर

श्री. यादवराव सोनवणे यांना मी प्रथम पाहिले ते अनवाणी. आमच्या कार्यालयात संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवण्याची पाटी होती आणि ती पाटी पाळणारे ते एकटेच होते. मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच रुजू झाले होते. सर दप्तर विभागातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते पडद्यावरची हिरवी अक्षरे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ज्या जुळल्या नाहीत त्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

काम असे होते. जन्माची नोंद एका दप्तरात असते, मृत्यूची दुसऱ्या, रेशनकार्डाची तिसऱ्या आणि शाळेची चौथ्या. ही दप्तरे एकमेकांना जोडली, तर एका कुटुंबाचे आरोग्य आजीपासून नातवापर्यंत वाचता येते. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या कामगार वस्त्यांसाठी हे करायचे होते. लहान मुलांचे मृत्यू तिथे किती होतात, यावरून माता-बालकांचा दवाखाना तिथे काढायचा की नाही, हे ठरणार होते.

"त्या चुका आहेत सर, काढून टाकल्या," मी सांगितले.

"कसल्या चुका?"

"मृत्यूची नोंद आहे, जन्माची नाही. जन्माशिवाय मृत्यू कसा होईल?"

"चुकांना कुणी पुरत नाही, मॅडम," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

रागावले की ते 'मॅडम' म्हणतात, एरवी 'पोरी', हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पांडेसऱ्याला नेले. मी काढून टाकलेल्या नोंदींपैकी एकीचा पत्ता त्यांच्या खिशात होता. एका डाइंग हाउसच्या मागे ओळीने खोल्या होत्या. दारासमोरून गटार वाहत होते, आणि कारखान्यात त्या दिवशी जो रंग चालला होता तोच गटारात होता, गुलाबी. त्या नोंदीतल्या बाळाची आई, मंगलबाई, घरी होत्या; त्यांचे पती लूमवर गेले होते. सरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, जो आमच्या कोणत्याही फॉर्मवर नव्हता: "ताई, पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

"माहेरले. आखो कोठे व्हई?" मंगलबाई हसल्या. एवढे न कळणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. सर काही लिहीत आहेत हे दिसल्यावर मात्र त्यांचे हसू गेले. "तुमना हापिसना मानूस म्हने, तुमनी पोर आठली नही. जलम तठे, मरन आठे. मंग ती कोनी?"

तुमची पोर इथली नाही म्हणाला; तिकडे जन्मली, इकडे मेली, मग ती कुणाची?

खानदेशातली बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. बाळाची नोंद तिथल्या ग्रामसेवकाच्या वहीत होते. दोन-तीन महिन्यांनी ती बाळ घेऊन सुरतेला परत येते, आणि बाळ इथे गेले तर मृत्यू इथल्या दप्तरात लागतो. हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. मी स्वतः सुरतेत वाढले, पण माझा जन्म अमळनेरजवळ, आजोळचा. मी लहानपणीच गेले असते, तर मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने मलाही चूक ठरवून गाळले असते. परतताना रिक्षात मी हे सरांना सांगितले. ते म्हणाले, "मग पोरी, तुझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅम दुसरं कोण लिहिणार?"

पुढचे वर्ष सरांनी जोडकार्डांवर काढले. एक कार्ड प्रश्नाचे, त्यालाच जोडलेले दुसरे कोरे, उत्तरासाठी. न जुळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे ते आईचे माहेरचे नाव आणि गाव विचारून येत आणि त्या गावच्या ग्रामसेवकांना कार्ड टाकत. उत्तर आले नाही, तर सुट्टी घेऊन स्वतः एसटीने जात आणि पंचायतीच्या ओट्यावर बसून वही उतरवून आणत. जुन्या वह्यांत त्या आईचा स्वतःचा जन्म सापडे, तिच्या बहिणींचे जन्म सापडत आणि आजीची गेलेली मुलेही सापडत. तीन पिढ्या एका चिठ्ठीवर येत. माझ्या संगणकाला जे जमले नाही ते त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सुतळीने बांधलेले होते.

त्या चिठ्ठ्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसू लागली. आजी एक, घर एक, दोघी बहिणी एकाच अंगणात वाढलेल्या. जी गावात राहिली तिची मुले जगली. जी पांडेसऱ्याला आली तिचे पहिले मूल गेले. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणेन. पण मुले ज्याने जातात तो आजार हे लोक गावाहून, रक्तातून घेऊन येतात, असे जे आमच्या कार्यालयात ठामपणे बोलले जाई, ते या चिठ्ठ्यांसमोर टिकत नव्हते.

अहवालाच्या बैठकीत मी दोन तक्ते ठेवले: जुळलेल्या नोंदींचा आणि सरांनी जुळवलेल्यांचा. दुसरा जोडल्यावर पांडेसऱ्याचा मृत्यूंचा आकडा वाढून कार्यालयाच्या मोठ्या साहेबांना आवडण्यासारखा राहत नव्हता. नुकत्याच येऊन गेलेल्या प्लेगच्या साथीची भीती सरली होती, शहर स्वच्छ झाल्याचे कौतुक सगळीकडे चालले होते, आणि त्यात असा आकडा कुणाला नको होता. साहेबांनी दुसरा तक्ता न वाचताच परत सरकवला. "बेन, एमां शुं जोवानुं? बहारगामना छे. काढी नाखो." त्यात काय पाहायचे, बाहेरगावचे आहेत, काढून टाका.

सर उठून म्हणाले, "साहेब, कापड विणताना ते सुरतचे असतात. मेल्यावर बाहेरगावचे होतात का?"

त्यांनी अहवालावर सही केली नाही. अहवाल त्यांच्या सहीवाचून छापला गेला, दुसऱ्या तक्त्यावाचूनही. पांडेसऱ्यात लहान मुलांची स्थिती समाधानकारक आहे, असे त्यात लिहिले होते. दवाखाना दुसरीकडे गेला.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. तो तक्ता मी कोणाच्या सांगण्यावरून केला, याची चौकशी झाली. माझी नेमणूक कंत्राटी होती. सरांनी लेखी दिले की तक्ता त्यांनी सांगितला म्हणून मी केला, माझा त्यात विचार नव्हता. हे खोटे होते. तक्ता मी स्वतःहून केला होता. सरांना भांडारगृहात पाठवण्यात आले आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले, जुन्या फॉर्मांचे गठ्ठे मोजत. मी गप्प राहिले. हा लेख लिहिण्याचे हे एक कारण आहे.

सरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीने या लेखासाठी मला पाठवलेल्या पत्रात 'कटू प्रसंग टाळावेत' अशी विनंती आहे. सरांना शाल कोणाच्या हस्ते दिली जाणार, हेही त्यात आहे. ज्या हातांनी तो तक्ता परत सरकवला तेच हात आहेत. निमंत्रणपत्रिकेत सरांना 'नोंदींचे निष्ठावंत सेवक' म्हटले आहे. त्यांनी जुळवलेल्या नोंदींची वही निवृत्तीच्या आठवड्यात रीतसर सादर झाली, तिला आवक क्रमांक मिळाला, आणि ती आजतागायत कोणी उघडलेली नाही. ज्यांची वही वाचायची नाही त्यांच्या निष्ठेचे कौतुक करू नये, एवढी तरी लाज बाळगता येते. सर मला रागावतील, म्हणतील, "पोरी, चारचौघांत असं लिहितात का?" मॅडम म्हणाले तरी चालेल.

मात्र एक गोष्ट त्या वहीवाचूनही झाली आहे. भांडारगृहात असतानाही सर सुट्टीच्या दिवशी पांडेसऱ्याला जात. माहेरी निघालेल्या प्रत्येक पोरीला सांगत की परतताना बाळाच्या जन्माचा दाखला घेऊन ये, इथे आल्याबरोबर दाखव. गेल्या महिन्यात मी त्या गल्लीत गेले होते. मंगलबाईंची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणाहून नुकतीच परतली होती. बाळंतविडा कॉटवर मांडलेला होता: झबली, टोपरी, दुपटे, डिंकाच्या लाडवांचा डबा. मंगलबाईंनी दुपट्याच्या घडीतून ग्रामसेवकाचा शिक्का असलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हाई बी ऱ्हास आते बाळंतविडामा," त्या म्हणाल्या. "सोनवने आप्पाले सांगज्यात, आमनी पोर आठली शे."

मी तो निरोप इथे पोहोचवते आहे. सरांनी साठी पूर्ण केली. त्यांची दृष्टी तीक्ष्ण राहो, गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत राहोत आणि आयुष्य इतके मोठे मिळो की त्या दुपट्यातल्या पोरीच्या पहिल्या बाळंतपणाची चिठ्ठीही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावी. तोपर्यंत पांडेसऱ्यात दवाखाना नसेल, तर शाल देणाऱ्यांनी ती परत मागून घ्यावी.