लवंगकाकूंची दाढ

लवंगकाकूंना दातांच्या डॉक्टरांची इतकी धास्ती होती, की कर्वेनगरच्या आमच्या कोपऱ्यावर दवाखाना निघाल्यापासून त्या भाजीला पलीकडच्या फुटपाथवरून जायच्या. दात कोरायचं ते मशीन रस्त्यापर्यंत ऐकू येतं, म्हणायच्या. सोसायटीत कुणाची दाढ दुखली की मात्र लवंग घेऊन पहिल्या हजर. नाव त्यावरूनच पडलं.

डॉक्टरांकडे जा म्हणणाऱ्याची त्या गय करत नसत. मी एकदा सुचवलं, तर थंडपणे म्हणाल्या, "आपण डॉक्टर कधी झालात? पेढे नाही आले आमच्याकडे."

त्यांची स्वतःची हलणारी दाढ भाकरी खाताना तुटून पडली. सुटले एकदाची, म्हणाल्या. मूळ आतच राहिलं होतं. हिरडी सुजली तशी त्यांनी तिथे लवंग दाबून धरली आणि तव्यावर फडकं तापवून गाल शेकायला घेतला. शेकानं सूज आणखीच वाढली. त्यातून मधुमेह, घरात एकट्या. बाहेर पडताना गाडीवरच्या मुलींसारखा स्कार्फ गुंडाळायच्या, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही.

एका सकाळी त्यांची दुधाची पिशवी दारातच दिसली म्हणून मी बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा स्कार्फ नव्हता. सूज हनुवटीखाली गळ्यापर्यंत उतरली होती. तोंड उघडत नव्हतं, लाळ गिळता येत नव्हती. ती पदरानं टिपत होत्या. टोमणा आला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. रिक्षात त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. एखादा जरा लांबला की त्यांना हलवून हाक मारायचे.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, श्वासाची वाट बंद व्हायच्या आत पू काढायला हवा, आणि तोही त्या जाग्या असतानाच. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मिटलेल्या दातांतून जेमतेम शब्द फुटले, "भीती वाटते गं. मला दिसशील अशी उभी राहा."

त्यांना आत नेलं, त्या दाराला काच होती. मी काचेला नाक लावून उभी राहिले, नर्स बाजूला व्हा म्हणाली तरी हलले नाही. आत मशीन सुरू झालं तशी काचेला आणखी चिकटले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, आत नेताना काढून दिलेला काकूंचा जाड भिंगांचा चष्मा माझ्याच हातात होता. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं ताटही धड दिसत नसे.

काकू त्यातून वाचल्या. पुढे काही वर्षांनी कात्रजला भाच्याकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. पण त्या दिवशी त्यांना बाहेर आणल्यावर मी रडवेली होऊन चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवत होते, तेव्हा तोंडात कापूस असतानाच त्या म्हणाल्या, "सारखी दिसत होतीस."