माझाच प्रश्न खबर होऊन आला

ती दुपार मला अजून सोडत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पत्र्याच्या दारावर कुणी जोरात थाप मारली की आजही मी हातातलं काम टाकून उठतो.

नवे अधिकारी कधीकधी घरी येतात. माझ्या कपाटात हेरगिरीवरची, गुप्त माहिती कशी पारखावी यावरची, अफवांच्या जोरावर लढल्या जाणाऱ्या लढायांवरची पुस्तकं आहेत. ती चाळून म्हणतात, ‘सर, यातलं आधी काय वाचावं? यादी द्या.’ यादी मी देतो. पण त्याआधी त्यांना ही हकिकत ऐकावी लागते.

तेव्हा मी नळदुर्गच्या बाजूला, महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाइलवर लेकरं पळवणाऱ्या टोळीबद्दलचे निरोप फिरत होते. आमच्या हद्दीतलं एकही लेकरू हरवलं नव्हतं. तरी शाळा सुटायच्या तासभर आधीपासून आया फाटकाशी येऊन उभ्या राहत.

एका सकाळी हजेरी झाल्यावर मी गोपनीय शाखेच्या हवालदाराला बोलावलं. गावोगाव फिरून खबर काढणं हे त्याचं काम. त्याला सांगितलं, ‘कानडी बोलणारा, पाठीवर काळी बॅग, घरांचे फोटो काढणारा कुणी परका दिसला का, विचारून या.’

हे वर्णन मी आणलं कुठून? एका जुन्या घरफोडीतल्या आरोपीचं ते होतं. डोक्यात राहिलेलं, तोंडातून निघून गेलं. या अफवेबद्दल वरिष्ठांकडून आलेल्या पत्रात त्यातला एक शब्दही नव्हता.

दोन दिवसांनी एका ढाबेवाल्याचा फोन आला. कानडी माणूस, काळी बॅग, घरांचे फोटो. दुपारी जवळच्या गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा आला, वर्णन तेच. संध्याकाळी त्या गावच्या पोलीस पाटलांनीही तेच सांगितलं. तिघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळत होतं. खरं तर तिथंच मला संशय यायला हवा होता. मला मात्र आनंद झाला. तीन ठिकाणांहून एकच खबर! मी स्टेशन डायरीत ‘माहिती विश्वसनीय’ अशी नोंद केली आणि पाटलांना बजावलं, ‘दिसला तर धरून ठेवा.’

दुसऱ्याच दिवशी दुपारी पाटलांचा फोन आला. ‘साहेब, घावलाय. समाजमंदिरात कोंडलाय. पर माणसं लई जमल्यात. माझं कुणी ऐकंना. लवकर या.’

तीन शिपाई घेऊन निघालो. गावात शिरलो तेव्हा घरांची दारं बंद होती. समाजमंदिरापुढं शेकडो माणसं उभी होती आणि त्यातलं कुणी ओरडत नव्हतं. आरडाओरडा करणारा जमाव मी खूप पाहिला आहे, त्याला बोलण्यात गुंतवता येतं. हा जमाव गप्प होता. कुऱ्हाडीचा दांडा घेतलेल्या एकाला मी ओळखलं. आमच्या शांतता समितीत तो दर सणाला पहिल्या रांगेत बसे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. कुणीतरी आतून पत्र्याचं दार हातांनी बडवत होतं.

आत चाळिशीचा माणूस होता. कपाळ फुटलेलं, उजवा हात मनगटातून लोंबत होता. मी खिशातून बेडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि त्याच्या डाव्या हातात अडकवली. त्याला जिवंत बाहेर काढायचा मला तेवढाच मार्ग दिसला. त्याला ते कळलं नाही. तो कानडी वळणाच्या मराठीत पुटपुटला, ‘मी चोर नाही री साहेब.’

मी बाहेर ओरडलो की आरोपी अटकेत आहे, वाट सोडा. जीप तीस पावलांवर होती. एक दगड शिपायाच्या खांद्यावर बसला. दुसरा दगड आला असता तर आम्ही कुणीच परत आलो नसतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तो आला नाही, यात माझी काही करामत नव्हती.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधून ठाण्यात आणलं. जबाबासाठी पाटीलही सोबत होते. चौकशीत तो म्हणाला, मी हेळवी आहे. कर्नाटकातून हे लोक काही वर्षांनी एकदा येतात, घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतात, नवी जन्मलेली लेकरं वहीत लिहून घेतात. माझा विश्वास बसेना. हेळवी येतो तो बैलावरून, घंटा वाजवत. तसा आला असता तर गावानं ओळखला असता.

‘बैल मेला री साहेब,’ तो म्हणाला. ‘आता एसटीनं येतो. घरं सगळी बदलली. पुढच्या खेपेला दार ओळखावं म्हणून फोटो काढतो.’

बॅगेत कानडीत लिहिलेल्या वह्या होत्या. मी पाटलांकडं बोट दाखवून म्हणालो, ‘यांचं घराणं सांगा.’

त्यानं वही उघडली नाही. डोळे मिटून खापरपणज्यापासून सुरुवात केली. कोण कुठून आला, कुणी किती लग्नं केली, कोण निपुत्रिक गेला. पाटलांपर्यंत आला, त्यांच्या दोन मुलांची नावं घेतली आणि म्हणाला, मधे एक मुलगी, बाराव्या दिवशी गेली.

पाटील खाली बसले. ‘खरं हाय,’ म्हणाले. ‘घराबाहिर कुणाला ठावं न्हाय. आमच्या म्हातारीनं सांगितलं आसंल ह्यांच्या बापाला.’

मी विचारलं, ‘पाटील, काल फोन केलात तेव्हा या माणसाला पाहिलं होतं?’

‘न्हाय. गिरणीत ऐकलं व्हतं.’

गिरणीवाल्याला फोन लावला. त्यानं ढाब्यावर ऐकलं होतं. ढाबेवाल्याला लावायच्या आधीच दाराशी उभा असलेला हवालदार मान खाली घालून बोलला. ‘साहेब, ढाब्यावर म्याच इचारलं व्हतं. तुमी सांगितलं तसंच.’

कालपर्यंत त्या माणसाला कुणीच पाहिलं नव्हतं. तो गावात आला, त्याच्या आधी माझा प्रश्न तिथं पोचला होता.

मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. पण ‘धरून ठेवा’ म्हणणाऱ्यावर कुठलं कलम लावायचं? डायरीत मी माझा प्रश्न, वेळ आणि तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले. वरिष्ठांनी खडसावलं, एक खुलासा मागितला, आणि प्रकरण मिटलं. माझ्यापुरतं ते मिटलेलं नाही. अफवा पसरवणाऱ्या पोरांना आपण दोष देतो. त्या गावात अफवेला नाक-डोळे माझ्या वर्दीनं दिले होते. त्यानंतर कुणीही खबर आणली की मी दोनच गोष्टी विचारत असे: तुम्हाला हे कुणी सांगितलं, आणि आपण आधी काय विचारलं होतं.

म्हणून नव्या अधिकाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव पुस्तकाचं नसतं. तिथं मी त्या डायरीतल्या नोंदीची नक्कल लावतो.

हेळवीला मी स्वतः सीमेपलीकडं त्याच्या घरी सोडलं. त्याची बायको त्याच्या उजव्या हाताकडं पाहत राहिली. वह्या परत देताना मी शेवटचं लिहिलेलं पान काढून विचारलं, हे काय? तो म्हणाला, एका लेकराचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात लोक आले.

तो पुन्हा त्या गावात आला नाही. नाव अर्धंच आहे.