घोड्याचे कान

घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेआधी सगळे स्वार मैदानात पायी फिरतात. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात. तेवढा वेळ सगळे सारखेच दिसतात. घोडा कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे कळतच नाही.

माझी भाची ईराही त्यांच्यात फिरत होती. भाड्याने घेतलेला जो घोडा तिने दोन वर्षं खपून तयार केला, तो मालकाने गेल्याच आठवड्यात एका बड्या बापाच्या मुलासाठी विकून टाकला.

"मग आता फिरतेस कशाला?" ती कुंपणाशी आल्यावर मी विचारलं.

"सवय गं मावशी."

मला या खेळाची चीड आहे. म्हणे, याला धाडस लागतं! धाडस ईराकडे पोतंभर आहे. पण नुसत्या धाडसावर खोगीर चढवता येत नाही. बाकीच्या खेळांत गरीब निदान हरू तरी शकतो. इथे त्याला हरायलासुद्धा परवडत नाही.

थोड्या वेळाने तोच घोडा त्या मुलाला घेऊन आला. आमच्यासमोरच्या अडथळ्यापाशी मुलाने लगाम भलताच खेचला आणि घोडा बिचकला. ईराच्या तोंडून नकळत 'टक् टक्' असा आवाज गेला. घोड्याचे कान आमच्याकडे वळले आणि त्याने झेप घेतली.

शेजारी उभा असलेला मुलाचा बाप खुशीत माझ्याकडे वळला. "बघितलंत आमच्या पोराचं कसब? पुढच्या वर्षी याच्याहून भारी घोडा घेऊन टाकू!"