कोरी काच

सत्तावीस वर्षं बाई माणसांचे तुकडे कापत होत्या. रुग्णालयात सगळे त्यांना पापुद्रेबाई म्हणत. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडी बर्फावर गार करायची आणि यंत्राच्या पात्याखाली तिचे पापुद्रे काढायचे. पापुद्रा काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवायचा. पापुद्रा सुटताना बाई श्वास रोखत, कारण तो फुंकरीनेही उडतो. घरी त्यांनी कांदा चिरला की नवरा म्हणायचा, "आमच्याकडे कांदा खात नाहीत. त्यातून पेपर वाचतात."

या कामात एक गोम आहे. वडी यंत्रावरून काढून पुन्हा चढवली की ती पहिल्यासारखी बसत नाही. ती पात्याशी सरळ येईपर्यंत आठदहा पापुद्रे फुकट जातात. तुकडा मोठा असेल तर चालतं. सुईने काढलेल्या इवल्याशा तुकड्याचं मात्र दिवाळं निघतं. म्हणून बाईंचं एकच मागणं होतं, की कोणकोणत्या तपासण्या हव्यात ते एकदम लिहा, मी एकदाच कापते. तीन बैठकांत त्यांनी हे सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या महिन्यात एका शिंप्याच्या फुफ्फुसातला तुकडा आला. तांदळाच्या दाण्याएवढा, त्यातही अर्धा चेंगरलेला. शिंपी मास्तर स्वतःच रिपोर्टसाठी खिडकीशी यायचे. उंच माणूस, खांद्यावर विसरून राहिलेली मोजपट्टी, वाक्यामागे खोकला. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की गाठ कुठल्या जातीची आहे. सावकाश वाढणारी असेल तर कापून काढता येणार होती. धावणारी असेल तर एक दिवसही न दवडता औषधं सुरू करायची होती. दोन्हीकडची तयारी करून मास्तर मध्ये उभे होते.

वर काचा बघणारे छोटे डॉक्टर हुशार होते, पण घाईत असायचे. सोमवारी त्यांनी एक तपासणी लिहिली. बुधवारी दुसरी. शनिवारी तिसरी. दर वेळी वडी यंत्रावर चढली, दर वेळी आठदहा पापुद्रे मेणाच्या कचऱ्यात गेले. बाईंनी दुसऱ्याच चिठ्ठीला फोन केला होता. अजून काही लागणार असेल तर आत्ताच सांगा, तुकडा संपत आलाय, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, लागेल तसं सांगतो.

तिसरी तपासणी एका जनुकाची होती. प्रत्येक पेशीत काही जनुकं असतात, त्यांचं काम 'पुरे आता' म्हणण्याचं. पेशी वाढू लागली की ती अडवतात. हे जनुक शाबूत असेल तर पेशीचं केंद्र काचेवर तपकिरी रंगतं. नसेल तर काही रंगत नाही.

मास्तरांची काच कोरी निघाली.

बाईंनी ती जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गाठीच्या पेशी फिकट निळ्या, एकही तपकिरी नाही. पण त्यांच्यामधून एक बारीक रक्तवाहिनी गेली होती, आणि तिच्या अस्तराच्या पेशी मात्र चांगल्या तपकिरी झाल्या होत्या. म्हणजे रंग बिघडला नव्हता. जिथे जनुक होतं तिथे रंग चढला होता. गाठीत ते उरलंच नव्हतं. काच कोरी होती, आणि तेच उत्तर होतं. असं जनुक हरवलेली गाठ जवळजवळ नेहमी धावणारी असते, हे बाईंना काही पुस्तकातून कळलेलं नव्हतं. अशा काचा त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या.

डॉक्टरांच्या नजरेतून सुटू नये म्हणून बाईंनी त्या रक्तवाहिनीशेजारी शाईचा ठिपका दिला आणि काच वर पाठवली.

तासाभराने काच परत आली. ठिपका स्पिरिटने पुसलेला होता. सोबत चिठ्ठी होती. रंग चढलेला नाही, पुन्हा करा. काचेवर शाई लावू नये.

बाईंनी फोन उचलला. "डॉक्टर, रंग चढलाय. रक्तवाहिनी बघा. तिथे तपकिरी आहे."

"बाई, बघायचं काम माझं. तुम्ही कापा."

आणि बाईंनी कापलं. हे नंतर सांगताना त्या दर वेळी इथेच थांबायच्या. वडी चढवली, पातं फिरवलं, आणि बाराव्या फेरीला पात्यातून नुसतं पांढरं मेण यायला लागलं. मिळाले ते दोन पापुद्रे त्यांनी रंगवले. तेही कोरे. रसायनाची बाटली जुनी असणार, असा निष्कर्ष वरून आला. रिपोर्टवर लिहिलं गेलं, नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, काय झालं. बाईंनी तासभर ओटा घासला.

दुसऱ्या वेळी मास्तरांच्या फुफ्फुसाला सुईने भोक पडलं. हवा गळायला लागली. बरगड्यांमध्ये नळी घालून त्यांना सहा दिवस ठेवलं. नवा तुकडा खाली आला तेव्हा बाईंनी कुणालाही विचारलं नाही. एका बैठकीत वीस पापुद्रे काढले, वीस काचांवर घेतले, क्रमांक घातले. परवानगीशिवाय काचा वापरल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. त्याच काचांवर तिन्ही तपासण्या दोन दिवसांत उरकल्या. जनुकाची काच पुन्हा कोरी, रक्तवाहिन्या पुन्हा तपकिरी. या वेळी छोट्या डॉक्टरांच्या जागी विभागाचे मोठे डॉक्टर खुर्चीत होते. त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि सही केली. धावणारी गाठ. मधे अठरा दिवस गेले होते.

मास्तर रिपोर्ट घ्यायला आले. एक कूस धरून चालत होते. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे जनुक नाही म्हणजे काय.

"घरात 'पुरे' म्हणणारं एक माणूस असतं ना?" बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे बायको."

"तसंच. पेशीत अशा दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तर दुसरी सांभाळते. दोन्ही गेल्या की सगळं मोकाट."

"मी विडी सोडून आठ वर्षं झाली."

"धुराने आधीच केलेले घाव राहतात, मास्तर. सोडलीत ते बरंच केलंत. पण ते घाव राहतात."

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी कागद पालटून तारखा पाहिल्या. तारखा पाहायची त्यांची सवय जुनी, गिऱ्हाइकाला कपडे कधी द्यायचे ते ठरवणारा माणूस.

"पहिल्या तुकड्यातही हेच दिसलं होतं का?"

खिडकीमागे कुणी नव्हतं. नाही म्हणून सुटता आलं असतं. रुग्णांशी तपासणीबद्दल बोलू नये असा नियमही होता, आणि तो नियम बाईंनी आत्ताच एकदा मोडला होता.

"हो," बाई म्हणाल्या. "पहिल्याच काचेवर."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"मला दिसलं होतं. मी सांगितलं."

"आणि मग?"

"मग त्यांनी कापायला सांगितलं. मी कापलं."

मास्तर बराच वेळ खोकले. रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

"माझ्या दुकानात," ते म्हणाले, "कापड कमी असलं आणि गिऱ्हाइकाने ते वाया जाईल अशी उलटी कात्री मारायला सांगितली, तर मी कात्री खाली ठेवतो, बाई. नोकरीत होतो तेव्हाही ठेवायचो. दोनदा गेली नोकरी."

एवढं बोलून ते औषधाच्या विभागाकडे गेले. पहिली सलाईन त्याच दिवशी होती.

बाईंना डॉक्टरांचा राग होता, मेमोचा होता, बैठकांत डोललेल्या मानांचा होता. आता त्या सगळ्याच्या खाली आणखी एक राग निघाला होता, आणि तो कुणावर ढकलता येत नव्हता.

टेबलावर नवी वडी आली होती. कुणातरी बाईचं फुफ्फुस, सुईचा तुकडा, नखाच्या टोकाएवढा. चिठ्ठीवर एकच तपासणी.

बाईंनी वडी बर्फावर ठेवली नाही. ती मुठीत घेऊन त्या दोन जिने चढल्या. छोटे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. त्यांनी वर न बघता हाताने टेबल दाखवलं, काय असेल ते तिथे ठेवा.

"ठेवणार नाही," बाई म्हणाल्या. "हिच्यासाठी जे जे लागेल ते सगळं आत्ता लिहा. तोवर मी कापणार नाही."

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी या.

बाई दारातच उभ्या राहिल्या. हाताच्या उबेने मेण मऊ होऊ नये म्हणून त्यांनी वडी मुठीतून काढून दोन बोटांच्या टोकांवर धरली.